एक मीटर चाळीस

काठीबाईंना घाणीची किळस येत नसे. हे कुणाला पटत नसे, कारण त्यांचं काम कळलं की समोरचा माणूस नकळत खुर्ची मागे सरकवायचा. शहरभर सांडपाण्याची त्रेचाळीस पंपघरं होती. प्रत्येक पंपघरात एक खोल विहीर. गल्लीगल्लीतलं मैलापाणी तिच्यात जमायचं आणि पंप ते पुढे ढकलायचा. बाईंनी आठवड्यातून एकदा प्रत्येक विहिरीवर जायचं, लोखंडी झाकण बाजूला सारायचं, तीन तुकड्यांची जोडकाठी तळापर्यंत सोडायची, ती किती भिजली ते वाचायचं आणि पंपचालकाच्या नोंदवहीतल्या आकड्याशी ताडून लाल शाईने सही करायची. एकोणीस वर्षं हेच काम. नवरा याच कामावर असताना गेला आणि काठी त्यांच्या हातात आली. काठीवरून नावही चिकटलं. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

काठीला केस चिकटायचे, चिंध्या लटकायच्या, चरबीचा पिवळा थर बसायचा. बाई गोणपाटाच्या तुकड्याने काठी पुसायच्या, घरी येऊन कोपरापर्यंत दोनदा साबण लावायच्या आणि मग निवांत जेवायला बसायच्या. त्यांना शिसारी यायची ती खोट्या आकड्याची. एका पंपचालकाने एकदा दोनचे तीन केले, तर बाईंनी त्याला उघड्या विहिरीच्या काठावर उभं करून सारी नोंदवही मोठ्याने वाचायला लावली होती. "घाण धुतली की जाते," त्या म्हणायच्या, "आकडा एकदा वहीत सुकला की कुणाच्या बापाला घासता येत नाही." तिखट जिभेच्या होत्या, यात वाद नाही. पण त्यांची सही म्हणजे सही, असं मोठे साहेबसुद्धा म्हणत.

मग टेलिमेट्री आली. म्हणजे, यायची ठरली. प्रत्येक विहिरीत एक सेन्सर, भिंतीवर एक डबा, आणि डबा दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी मोबाइलच्या नेटवर्कवरून मुख्य कार्यालयात पाठवणार. कुणाला झाकण उघडायला नको की नाक दाबायला नको. डबे कुणाचे घ्यायचे हे ठरवायला समिती बसली. मोठे साहेब, खरेदी अधिकारी, संगणकवाले दोघे, आणि नियमात 'प्रत्यक्ष वापरणारी एक व्यक्ती' असं लिहिलेलं होतं म्हणून काठीबाई.

समितीच्या खोलीत गारेगार हवा होती आणि बशीत बिस्किटं होती. पहिल्याच दिवशी हिरव्या डब्याचा विक्रेता काचेचं उंच भांडं घेऊन आला. त्यात त्याने बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतलं, आपला सेन्सर अलगद बुडवला, आणि पडद्यावर आकडा आला तशा सगळ्यांच्या माना कौतुकाने हलल्या.

"यात चिंध्या टाकून दाखवा," बाई म्हणाल्या. "थोडी चरबी. केसही आणते मी, हवे तर."

विक्रेता हसला. खरेदी अधिकाऱ्यांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, इथे खाणं चाललंय."

नाकाने कांदे सोलणारी ही माणसं मैलापाण्याचं यंत्र निवडायला बसली होती, आणि मैला हा शब्द त्यांना चालत नव्हता.

शेवटी असं ठरलं की पांढरा, हिरवा आणि करडा असे तीन डबे एकाच पंपघरात दीड महिना चालवून बघायचे. शंभर गुणांचा तक्ता तयार झाला. डब्याचा आकडा नोंदवहीशी किती जुळतो याला साठ गुण, आकडे न तुटता येतात का याला वीस, किमतीला वीस. चाचणीसाठी सात नंबरचं पंपघर निवडलं. का, तर तिथली नोंदवही सगळ्यांत नीटनेटकी. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही, पातळी कायम एक मीटर चाळीसच्या आसपास.

बाईंना बरं वाटलं. सात नंबरचा पंपचालक म्हणजे त्यांचा धाकटा दीर. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, सासू अंथरुणाला खिळलेली. त्याचं नाक पुसण्यापासून त्याचं लग्न लावण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं आणि अकरा वर्षांपूर्वी साहेबांच्या मागे लागून त्याला इथे चिकटवला. अजूनही एकाच घरात, एकाच चुलीवर दोघांचं होतं. तो त्यांना "वहिनी, तू" म्हणायचा. आईला म्हणावं तसं.

दीड महिन्याने निकाल आला. करडा डबा आठव्या दिवशीच पाणी शिरून मेला होता. पांढऱ्याला जुळणीत साठांपैकी अकरा गुण. हिरव्याला एकोणसाठ.

"विषयच संपला," खरेदी अधिकारी म्हणाले. "पांढरा तर बिघडलेलाच दिसतोय. रोज सकाळी तीन मीटरच्या वर जातो. आणि मध्ये मध्ये रिकाम्या जागा सोडतो. दिसायला किती वाईट."

"नेटवर्क नसलं की तो रिकामी जागा ठेवतो," संगणकवाला म्हणाला. "हिरवा तसं करत नाही. मागचाच आकडा पुन्हा देतो. त्यामुळे रेघ तुटत नाही."

"म्हणजे माहीत नसलं तरी ठोकून देतो," बाई म्हणाल्या. "माहीत नाही म्हणणारं या कार्यालयात तेवढं एकच निघालं, तर तेच बिघडलेलं."

कुणी लक्ष दिलं नाही. बाईंनी पडद्यावरच्या रेघा जवळ जाऊन पाहिल्या. पांढरी रेघ करवतीच्या दातांसारखी होती: पाणी चढतं, पंप सुरू होतो, पाणी झपकन उतरतं. विहीर अशीच वागते, हे बाईंना झोपेतही सांगता आलं असतं. हिरवी रेघ मात्र सपाट. आणि अगदी जवळून पाहिलं तर ती रोज केसभर केसभर खाली घसरायची आणि सकाळी दहा वाजता टुणकन एक चाळीसवर यायची. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती वर यायचीच नाही, आणखी दोन सेंटीमीटर उतरायची. सुट्टी माणसाला असते. मैलापाण्याला कसली सुट्टी?

"सह्या सोमवारी," मोठे साहेब म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी बाई आपला वार नसताना सकाळी नऊला सात नंबरवर गेल्या. दाराला कुलूप. पाळी सातला सुरू होते. स्वतःच्या किल्लीने त्या आत गेल्या. पंप बंद होता. पांढरा डबा, विहिरीच्या तोंडाशी पाण्याच्या वर टांगलेल्या आपल्या सेन्सरसकट, नीट चालू होता. त्यावर तीन मीटर आठ सेंटीमीटर असा आकडा होता. हिरव्या डब्याची वायर भिंतीवरून निघून विहिरीकडे जायला हवी होती. ती खिडकीकडे गेली होती.

खिडकीच्या गजाला दीड मीटरचा प्लास्टिकचा पाइप सुतळीने उभा बांधला होता. खालच्या तोंडाला टोपण. टोपणातून थेंब गळत होता, खाली ठेवलेल्या डबड्यात पडत होता. पाइप नळाच्या पाण्याने भरलेला, आणि त्यात हिरव्या डब्याचा सेन्सर थंडगार बसला होता. पाइपवर खडूने एक रेघ होती, शेजारी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, एक चाळीस.

बाईंनी वायर धरून सेन्सर बाहेर ओढला. सवयीने नाकाशी नेला. वास नव्हता. कसलाच नाही. एकोणीस वर्षांत या खात्यातली वस्तू हातात घेऊन पहिल्यांदाच त्यांना ओकारी आली, आणि त्या खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या.

धाकटा दहाला पाच मिनिटं असताना आला. हातात पाण्याची बाटली होती. पाइपात घालायला.

"वहिनी, तू? आज तुझा वार नाही."

"हे काय आहे?"

त्याने पाइपाकडे पाहिलं, मग हसला. लहानपणी दुधावरची साय खाऊन हसायचा तसाच. "अगं, तो सेन्सर दर दोन दिवसांनी चिंध्यांत गुरफटायचा. खाली उतरून कोण साफ करणार? त्या पांढऱ्याचं बरं आहे, तो वरून बघतो, त्याला हात लावायला नको. हा बुडवावा लागतो. इथे बघ कसा स्वच्छ चालतोय."

"आणि वही?"

"वही काय, महिन्याच्या सुरुवातीला बसलं की एका बैठकीत होते. आकडे थोडे हलवतो मी. अडतीस, चाळीस, बेचाळीस. अगदी सारखे लिहिले तर संशय येतो."

"दहाला पंप लावतोस तू. सात ते दहा हे पाणी कुठे जातं?"

त्याने बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्यावर डोळे काढू नकोस. बाकीच्या बेचाळीस ठिकाणी तू काठी टाकतेस. इथे कधी टाकलीस? अकरा वर्षं येतेस, बसतेस, मी चहा आणतो, तू सही करतेस आणि जातेस. मला वाटलं तुला माहीत आहे."

ते खरं होतं. घरचं माणूस, त्याची काय काठी टाकायची! जगाच्या विहिरी मोजणाऱ्या बाईच्या दिव्याखालीच अंधार होता. त्यांनी पंप लावला, पाणी उतरेपर्यंत थांबल्या, आणि त्याने पुढे केलेला चहा न घेता बाहेर पडल्या.

सात ते दहा ते पाणी कुठे जातं हे त्यांना ठाऊक होतं. पंपघराच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक म्हातारी शिवणवाली राहायची. तीन वर्षांत तिच्या पाच तक्रारी आल्या होत्या, की सकाळी न्हाणीघरातून घाण पाणी वर येतं. पाचही तक्रारींना खात्याने एकच उत्तर दिलं होतं: प्रत्यक्ष पाहणीत पातळी सामान्य आढळली. खाली काठीबाईंची सही.

शिवणवालीने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती आणि तोंडात टाचण्या. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. तिने टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या.

"त्या सहीवाल्या तुम्हीच का," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "या, दाखवते."

न्हाणीघरात आत्ताच पाणी ओसरलं होतं. जमिनीवर तो ओळखीचा पिवळा थर, जाळीवर केसांची गुंतवळ. खोलीभर कपड्यांची गाठोडी फळ्यांवर आणि खाटेवर चढवलेली, खाली एक चिंधी नव्हती. न्हाणीघराच्या भिंतीवर मात्र शिवणाच्या निळ्या खडूने बारीक रेघा मारल्या होत्या. प्रत्येक रेघेशेजारी तारीख, वेळ आणि इंच.

"पाणी चढलं की टेप लावते," शिवणवाली म्हणाली. "लोकांना वाटतं म्हातारी उगाच कटकट करते. म्हणून लिहून ठेवते. चार महिन्यांपूर्वीपर्यंतचं सगळं पुसलं गेलं, तुमच्याच पाण्याने. मग रेघा जरा वरती मारायला लागले, उंची बाजूला लिहून."

स्वतःच्या न्हाणीघरातल्या मैल्याचं माप घेणारी ही म्हातारी, आणि तिच्या भिंतीपलीकडे बसून महिन्याचे आकडे एका बैठकीत लिहिणारा आपला दीर. बाईंना दोघांमध्ये स्वतःला कुठे उभं करावं कळेना. त्या म्हणाल्या, "मी काठी न टाकता सह्या केल्या. चूक माझी आहे."

"ते मला केव्हाच कळलं होतं," शिवणवाली म्हणाली. "आता काय करणार आहात ते सांगा."

बाईंनी त्याच दिवशी एका गवंड्याकडून पारदर्शक नळी आणली. गवंडी लांबच्या दोन भिंतींची पातळी जुळवायला वापरतात ती, पाणी भरलेली. तिचं एक टोक शिवणवालीने न्हाणीघरात धरलं, दुसरं बाईंनी गल्लीतून नेऊन विहिरीच्या काठावर. विहिरीची खोली बाईंना ठाऊक होती; हिशेब लावला तर न्हाणीघराची जमीन म्हणजे विहिरीतलं तीन मीटर पाच सेंटीमीटर. मग त्यांनी चाचणीच्या दीड महिन्यातल्या एकोणीस रेघा उतरवून घेतल्या, इंचांचे सेंटीमीटर केले, त्यात तीन मीटर पाच मिळवले. पांढऱ्या डब्याच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. अठरा जुळले. एकोणिसाव्याच्या वेळी पांढऱ्याने रिकामी जागा सोडली होती.

घरी बातमी त्यांच्याआधी पोचली होती. जाऊ ओट्याशी उभी होती, मागे वळली नाही. "वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या नोकरीचं एकच वर्ष राहिलंय. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. डबा हिरवा असो की पांढरा, आपल्या घराचं काय जातं? खरं उघडलं तर तुमचेही हात बरबटतील."

"बरबटलेच आहेत," बाई म्हणाल्या. त्यांनी हात धुतले. दोनदा. मग तिसऱ्यांदा. जेवण गेलं नाही.

सोमवारी बाईंनी सेन्सर समितीच्या टेबलावर ठेवला. खरेदी अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला.

"लावू नका. वास घ्या. दीड महिना मैल्यात होता म्हणता ना? घ्या वास."

मग त्यांनी पाइपची गोष्ट सांगितली, नाव न लपवता. खरेदी अधिकारी सावरले आणि जे म्हणाले ते ऐकून बाईंना त्या बिस्किटांच्या बशीवरच ओकावंसं वाटलं.

"पण यात यंत्राचा दोष कुठे आहे? पाइपात एक चाळीस पाणी होतं, यंत्राने एक चाळीस दाखवलं. उलट अचूकता सिद्ध झाली. माणसावर कारवाई करा, जरूर करा. गुण बदलायचं कारण नाही. तक्त्यात नोंदवहीशी जुळणी म्हटलंय, आणि नोंदवहीशी ते जुळतं."

मोठ्या साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्यांनाही पटलं नव्हतं, पण तक्ता त्यांनीच केला होता. "भिंतीवरचा खडू म्हणजे नोंदवही नव्हे, बाई. माझा नाइलाज आहे. नियमाने वहीत जे आहे तेच धरावं लागेल."

"वहीच धरा," बाई म्हणाल्या.

त्यांनी सात नंबरची नोंदवही पिशवीतून काढली. खात्याचा नियम असा होता की नोंदवहीत खाडाखोड पंपचालकाने करायची नाही, साहेबांनीही नाही. ती फक्त तपासणाऱ्याने करायची, लाल शाईने, कारण लिहून. एकोणीस वर्षांत तो नियम बाईंनी दुसऱ्यांच्या कानाला धरून शिकवला होता. दीड महिन्याच्या मोत्यासारख्या पानांवर आता आडव्या लाल रेघा होत्या. खाली लिहिलं होतं, या नोंदी न पाहता लिहिलेल्या आहेत आणि मीही त्या न पाहता तपासल्या आहेत. अकरा वर्षांपासून. मग एकोणीस नवे आकडे, मोजण्याच्या रीतीसह, आणि सही.

संगणकवाल्याने तिथेच जुळणी लावली. हिरव्याला साठांपैकी शून्य. पांढऱ्याला सत्तावन्न.

"बाई, यावर तुमची चौकशी लागेल," मोठे साहेब हळूच म्हणाले. "निवृत्तीच्या तोंडावर."

"लागू दे. तपासणाऱ्याला कुणीतरी तपासायला हवंच होतं."

खरेदी अधिकाऱ्यांनी सही करताना पेन दोन बोटांत असं धरलं की जणू तेच विहिरीतून काढलं होतं.

पांढरे डबे यायला दोन महिने लागणार होते, चौकशीला त्याहून जास्त. धाकट्याच्या निलंबनाचा कागद महिनाअखेरीचा निघाला. तोवर त्याला सातला हजर राहून पंप लावायचा हुकूम होता. घरात चुली वेगळ्या झाल्या. मधल्या दाराला कुलूप लागलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी सातला बाई सात नंबरवर गेल्या. तो आला होता. खिडकीचा गज मोकळा होता, सुतळीचा तुकडा तेवढा लटकत होता. बाईंनी झाकण सारलं, वासाचा भपकारा अंगावर घेतला, काठीचे तीन तुकडे जोडले आणि ती त्या विहिरीत अकरा वर्षांत पहिल्यांदा सोडली. काठी तळाला टेकली. वर काढली तेव्हा तिला केस होते, चरबी होती, एका फडक्याची चिंधी होती. ओळखीची, नेहमीची घाण. ती बघून त्यांना जरा हायसं वाटलं.

धाकटा नोंदवही उघडून, पेन घेऊन समोर उभा राहिला. काठीकडे त्याने पाहिलंही नाही.

"सांगा मॅडम," तो म्हणाला, "किती लिहू?"

बाईंनी तीस वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. त्यांनी काठी न पुसता, ठिबकत होती तशी, त्याच्यासमोर आडवी धरली आणि तो स्वतः वाचेपर्यंत धरून ठेवली.